मागायचं राहिलं

“...तर वाचली असती का ती? बाबा, मी मागितलं असतं तर?”

प्रश्न तोंडातून गेला आणि सीमोन पाटोळे उंबऱ्यातच थांबला. खांद्यावरची पिशवी त्यानं उतरवली नव्हती. फाट्यापासूनचा चढ एका दमात चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती. ये, बस, पाणी घे, असं काही म्हणायला त्यानं म्हाताऱ्याला सवडच दिली नव्हती.

नहेम्याबाबा भुईवर बसून चिंचा फोडत होते. पुढ्यात गोणपाट, त्यावर चिंचांचा ढीग, एका अंगाला गर, दुसऱ्या अंगाला चिंचोके. त्यांनी मान वर करून सीमोनकडे पाहिलं. मग त्याच्या पाठीमागे, बाहेर ओट्यावर टेकलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं.

“सरोजही आलीय?”

“हो.”

“आत का येत नाही?”

“बाहेरच बसते म्हणाली. तिला दुपारची गाडी धरायचीय. मिरजेला जातेय, भावाकडे.”

“आणि तू?”

“मी परत जाणार.”

“ती परत कधी येणार?”

सीमोननं खांद्यावरची पिशवी सावरली.

बाबांनी मान हलवली आणि आणखी एक चिंच फोडली.

घाटमाथ्यावरचा हा प्रार्थनाश्रम म्हणजे दोन कौलारू खोल्या, त्यांना लागून एक बुटकं प्रार्थनाघर आणि मागे एक विहीर. नहेम्याबाबांनी उभी हयात इथेच काढली होती. सीमोन तरुणपणी त्यांच्या हाताखाली राहिला, प्रार्थना करायला इथेच शिकला. पुढे तो तालुक्याच्या गावी चर्चचा पाळक झाला, आणि नावारूपाला आला तो प्रार्थनेमुळेच. पंचक्रोशीत कुणी अंथरूण धरलं की लोक म्हणायचे, पाटोळे पाळकांना बोलवा. ख्रिस्ती नसलेलेही बोलवायचे. तो रोग्याच्या कपाळावर हात ठेवायचा, त्याचं नाव घ्यायचा आणि मागायचा. घरातल्या माणसांना वाटायचं, हा खरंच कुणाशी तरी बोलतोय.

स्वतःसाठी मात्र तो काही मागत नसे. ते तो लपवतही नसे. उलट उपदेशात सांगायचा की देव काही दुकानदार नव्हे. मागणं ही प्रार्थनेची पहिली इयत्ता आहे, माणसानं कधीतरी वरच्या वर्गात जावं. म्हशीला पान्हा फुटू दे, पोराला नोकरी लागू दे, असं मागणाऱ्या बाया समोर सतरंजीवर बसलेल्या असायच्या. त्या खाली मान घालायच्या. सीमोनला ते दिसायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचं.

मग त्याच्या मुलीला ताप आला.

करुणा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, एकुलती एक. नुकती वाचायला लागली होती. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायची. ताप दोन दिवसांत डोक्यात गेला. शहरातल्या दवाखान्यात हलवली, तिथे डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हणून सांगितलं. त्यानंतर तिनं डोळे उघडले नाहीत.

ती गेल्याचं बाबांना कळलं होतं. पण त्यांना आता घाट उतरवत नव्हता.

“सांगा ना, बाबा.”

“बस आधी.”

सीमोन बसला. पिशवी खांद्यावरच राहिली.

“खाटेशी बसून काय म्हणायचास?” बाबांनी विचारलं. “काहीतरी म्हणतच असशील.”

“म्हणायचो... तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.”

“आणखी?”

“एवढंच.”

“ती बरी होऊ दे, असं?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही, बाबा. एकदाही नाही.”

बाहेर ओट्यावर सरोज दाराकडे पाठ करून बसली होती. तिला आतलं सगळं ऐकू जात होतं, हे सीमोनला ठाऊक होतं. आवाज खाली आणावा असं त्याला वाटलं, पण जमलं नाही.

“शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता,” तो म्हणाला. “किसनराव आवारी. छातीत पाणी झालेलं. त्याच्या मुलानं मला ओळखलं. हात धरून म्हणाला, पाळकसाहेब, आमच्या अण्णांसाठी तेवढं मागा.”

“मागितलंस?”

“हो.”

“नाव घेऊन?”

“...नाव घेऊन.”

“सरोज कुठे होती?”

“तिथेच. करुणाचे तळपाय चोळत होती. गार पडायचे सारखे.”

बाबांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“आणि किसनराव?”

“बरे झाले. स्वतःच्या पायांनी चालत गेले घरी. जाताना मुलानं पेढे आणले. सगळ्या वॉर्डात वाटले. माझ्याही हातावर ठेवला. म्हणाला, तुमच्या शब्दाला यश आलं...”

सीमोन गोणपाटावरचे चिंचोके बघत राहिला. काळे, गुळगुळीत, एकासारखा एक.

“पेढ्याचं काय केलंस?”

“हातातच होता. सरोज माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. सगळ्या वॉर्डासमोर. म्हणाली, गावासाठी मागता, परक्यासाठी मागता, माझ्या पोरीसाठी तुमचं तोंड का उघडत नाही? मी मागतेय, पण माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतो ना तो? मग एकदा मागा. एकदा मागितलंत तर काय कमी होणार आहे तुमचं?”

“मग?”

“मी डोळे मिटले. तिला वाटलं, आता मागतोय.”

“आणि तू?”

“मी म्हणालो, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.”

...

“दिवेलागणीच्या आत गेली ती.”

उन्हानं कौलं तडतडत होती. बाबांनी मूठभर चिंचा सीमोनच्या पुढ्यात सरकवल्या.

“हात रिकामे ठेवू नकोस.”

सीमोननं एक चिंच उचलली. टरफल बोटांत चुरडलं. लहानपणी आईबरोबर बसून केलेलं काम, हात विसरले नव्हते. गराच्या शिरा ओढायच्या, चिंचोका दाबून बाहेर काढायचा. दोन-तीन चिंचा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो रडत नाहीये. दफनाच्या दिवशीही तो रडला नव्हता. लोक म्हणाले होते, काय पण विश्वास आहे पाळकांचा.

“तुम्हाला ते प्रवचन वाचून दाखवलं होतं मी,” तो अचानक म्हणाला. “पहिल्या इयत्तेचं. इथेच बसून. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.”

“तू विचारलं नव्हतंस.”

“शिष्यानं विचारायची वाट बघायची असते?”

“तू कौतुक ऐकायला आला होतास, सीमोन. मी म्हणालो, भाषा छान आहे. तू खूश होऊन गेलास.”

सीमोनची कानशिलं तापली. ते खरं होतं. त्या दिवशी तो घाट शीळ घालत उतरला होता.

“बरं,” तो म्हणाला. “आज विचारतोय. कौतुक नकोय मला. मी मागितलं असतं तर ती वाचली असती का? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.”

“हो म्हटलं तर?”

“तर मी तिला मारलं.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर... तर आजवर मी ज्यांच्या ज्यांच्या कपाळावर हात ठेवला ते सगळं खोटं. तुमचा हा आश्रमही खोटा.”

“यातलं काय हवंय तुला?”

“खरं हवंय!”

बाबांनी हातातला गर बाजूला ठेवला.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले.

सीमोन त्यांच्याकडे बघतच राहिला.

“ठाऊक नाही? एवढं आयुष्य घालवलंत इथे. सकाळ संध्याकाळ त्याच्यापुढे बसलात. आणि ठाऊक नाही?”

“नाही.”

“मग काय केलंत एवढी वर्षं?”

बाबा धोतराला हात पुसत म्हणाले, “माझ्या सुलभाचं थडगं तुला आठवत असेल?”

सीमोननं मान हलवली. बाबांची बायको तो येण्याआधीच वारली होती. प्रार्थनाघरामागच्या तिच्या थडग्यावरचं गवत तो काढायचा, तेवढंच त्याला ठाऊक.

“बाळंतपणात अडली. पाऊस होता, खाली न्यायला वाट नव्हती. सुईण हात टेकून बसली होती. मी त्या बाजूच्या खोलीत होतो. मी मागितलं, सीमोन. नाव घेऊन मागितलं. भुईवर डोकं आपटून मागितलं. तिला ठेव म्हणालो, पोराला ने हवं तर. मग म्हणालो, दोघांना ठेव, मला ने. माणूस बाजारात घासाघीस करतो ना, तशी केली. लाज सोडली सगळी.”

“मग?”

“मग काय? दोघंही गेली.”

बाबांचा आवाज हलला नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली असेल असं सीमोनला वाटेना.

“म्हणजे मागूनही...”

“मागूनही.”

“मग उपयोग काय मागण्याचा?”

“उपयोग...” बाबांनी तो शब्द चवीला घेतल्यासारखा तोंडात घोळवला. “उपयोगाचं मला सांगता येत नाही. मी अजून भांडतो त्याच्याशी. सकाळी उठलो की पहिलं तेच. म्हणतो, मी मागितलं होतं, तू दिलं नाहीस.”

“तो काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही.”

“मग?”

“मग मी चूल पेटवतो.”

सीमोन हसला. ते हसू त्याचं त्यालाच घाणेरडं वाटलं. तो इतक्या लांबून आला होता ते हे ऐकायला? एक म्हातारा, एक थडगं आणि एक चूल? खाली बाजारातल्या कुणा रिकामटेकड्यानं याहून बरं काहीतरी सांगितलं असतं. देवाची योजना असते, फुलं त्याला आवडतात, ती आता देवदूतांत आहे. हे सगळं त्यानं स्वतः किती आयाबापांना सांगितलं होतं. कुणी त्याच्या थोबाडीत कशी मारली नाही, याचं त्याला आत्ता नवल वाटलं.

“जातो मी,” तो म्हणाला, पण उठला नाही.

“का नाही मागितलंस?” बाबांनी विचारलं.

“सांगितलं ना. मी स्वतःसाठी मागत नाही.”

“पोर म्हणजे तू होतास?”

...

“का नाही मागितलंस?”

“त्याला सगळं ठाऊक असतं. न सांगता कळतं त्याला.”

“किसनरावांचं कळलं नव्हतं?”

सीमोनच्या हातातली चिंच मोडली. रस बोटांना लागला.

“मला छळू नका, बाबा.”

“का नाही मागितलंस?”

तिसऱ्यांदा बाबांनी इतक्या हळू विचारलं की तो प्रश्न त्यांनी विचारला की आपल्याच आतून आला, हे सीमोनला कळलं नाही.

“भीती वाटली,” तो म्हणाला.

“कसली?”

“तो नाही म्हणेल याची.”

बाबांनी पुन्हा एक चिंच फोडली.

“लोकांसाठी मागतो तेव्हा तो नाही म्हणाला तरी मी घरी येतो. जेवतो. झोप लागते मला. पण हिच्यासाठी मागितलं असतं, तोंडानं, नाव घेऊन... आणि तरी त्यानं नेली असती... तर मी पुन्हा त्याचं नाव घेऊ शकलो नसतो. रविवारी उभा राहिलो नसतो. आयुष्यात जे काही केलं ते सगळं एका रात्रीत गेलं असतं. म्हणून विचारलंच नाही त्याला. विचारलं नाही म्हणजे तो नाही म्हणाला असंही होत नाही...” त्यानं चिकट बोटं गोणपाटाला पुसली. “पोर जात होती, बाबा. आणि मी माझा देव वाचवत बसलो होतो.”

“वाचला?”

“...नाही.”

बाहेर ओट्यावर काहीतरी हललं. सरोजनं बैठक बदलली असेल, किंवा पिशवी जवळ ओढली असेल. आत आली नाही ती.

बाबांनी गोणपाटाची टोकं धरून ते बाजूला ओढलं. मग भिंतीला हात लावून, एक गुडघा, मग दुसरा, असे ते भुईवर टेकले. त्यांचे गुडघे आता वाकत नसत. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“ये,” ते म्हणाले. “माग.”

“आता?”

“आता.”

“काय मागू? माती दिली तिला. माझ्या हातानं दिली.”

“तुला काय हवंय?”

“मला हवंय ते मिळण्यासारखं नाही.”

“मिळण्यासारखं तेवढंच निवडून मागायला तुला कुणी सांगितलं?”

सीमोनला वाटलं, म्हातारपणी यांचं डोकं फिरलंय. पण बाबा तसेच गुडघ्यांवर थरथरत होते, आणि त्यांना तसं एकटं ठेवून उभं राहणं त्याला जमेना. पिशवी त्यानं अखेर खाली ठेवली. बाबांच्या शेजारी गुडघे टेकले. हात जोडले. डोळे मिटले.

आवाज आपोआप लागला. तो त्याचा व्यासपीठावरचा आवाज होता, भरदार, जरा कापरा.

“हे सर्वसमर्थ, दयाघन, स्वर्गीय पित्या. तू आदी आहेस, तू अंत आहेस. आम्ही तुझी अयोग्य लेकरं आज तुझ्या चरणांशी लीन होऊन...”

बाबांचा हात त्याच्या मांडीवर आला.

“कोण बोलतंय हे?”

सीमोन थांबला. पुन्हा सुरू केलं.

“प्रभू, तुझा हा दास दुःखाच्या दरीतून चालत असताना...”

“दास राहू दे बाजूला.”

“मला दुसरं येत नाही, बाबा!”

“मग येत नाही ते म्हण.”

सीमोननं दात आवळले. आपण सोलले जातोय असं त्याला वाटलं. घाईघाईत, एकदाचं संपावं म्हणून, त्यानं रविवारच्या उपासनेतलं वाक्य धरलं, जे झोपेतही तोंडातून यायचं.

“प्रभू, आम्हा पाप्यांवर करु...”

आणि तिथे त्याची जीभ थांबली.

हे वाक्य तो ती गेल्यापासून म्हणत नव्हता. चर्चमध्ये त्या जागी आलं की तो पुस्तकाचं पान उलटायचा, खोकायचा, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना खूण करायचा, ते वाचायचे. लोकांच्या लक्षात आलं होतं. कुणी बोललं नव्हतं. आज तो बेसावध राहिला, आणि शब्द अर्धा बाहेर येऊन घशात तसाच उभा राहिला. पुढे ढकलता येईना, मागे घेता येईना.

त्याच वेळी सरोज दारात आली होती. गाडीची वेळ झाली होती. बाबांच्या पाया पडून निघावं म्हणून ती आली होती, पिशवी हातात घेऊनच. दोघांना गुडघ्यांवर पाहून ती चौकटीशी थांबली.

सीमोनला ती दिसली नाही.

“...करुणा,” तो म्हणाला.

मग काय झालं ते त्याला नीट कळलं नाही. छातीतून काहीतरी सुटलं आणि तो पुढे कोसळला, कपाळ भुईला लागलं.

“करुणा दे. माझी करुणा मला दे. मला परत दे ती. दुसरं काही नको मला, तुझा स्वर्ग नको, काही नको, मला माझी पोर दे. तिला तहान लागते झोपेत. उठून पाणी मागते ती. तिथे कोण उठणार? कोण देणार तिला? अंधाराला भिते ती, मला ठाऊक होतं आणि मी तिला त्या खड्ड्यात ठेवली... उठव तिला. तुला येतं ना? मग उठव. मी मागितलं नाही म्हणून दिली नाहीस का? एवढ्यासाठी? बाप मुका झाला होता तिचा, तुला दिसत नव्हतं? आई मागत होती ना? तिचं का नाही ऐकलंस? मला माझी पोर पाहिजे. मला माझी पोर पाहिजे...”

त्याला शब्द पुरेनात. तेच तेच तो म्हणत राहिला. तोंडातली लाळ, नाकातलं पाणी भुईवर सांडत होतं. पुष्कळ वेळानं त्याचा आवाज बसला आणि नुसता श्वास उरला.

कुठून काही आलं नाही. पानही हललं नाही. दुपार होती तशीच होती.

“पुन्हा म्हणा.”

सीमोननं मान वर केली. सरोज दारात उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“सरोज...”

“माझ्याकडे बघू नका. त्याला म्हणा. पुन्हा म्हणा.”

“ती नाही येणार, सरोज. मागून आता...”

“मला ठाऊक आहे. मीच घातलं ना तिला न्हाऊ. मला ठाऊक आहे.” तिच्या हातातली पिशवी गळून पडली. “तरी म्हणा. तिच्या बापाच्या तोंडून मला ऐकायचंय. नाव घेऊन म्हणा.”

सीमोननं पुन्हा कपाळ टेकलं. आता रडणंही उरलं नव्हतं. तो सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाला. दवाखान्यात बाहेर बसलेल्यांची नावं पुकारतात, तसं.

“करुणा सीमोन पाटोळे. माझी मुलगी. मला परत दे.”

सरोज चौकटीला धरून खाली बसली. पदराचा बोळा तिनं तोंडात धरला होता. ती सीमोनजवळ सरकली नाही, आणि तोही तिच्याकडे गेला नाही. मध्ये हातभर भुई तशीच राहिली. तिच्या हुंदक्यांचा आवाज तेवढा त्या खोलीत होता. दफनाच्या दिवसानंतर तो आवाज सीमोन पहिल्यांदा ऐकत होता. घरी ती रडत असेल तर न्हाणीघरात, पाणी सोडून.

खाली घाटात गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग वळणावर पुन्हा एकदा. मग तो आवाज लांब गेला.

तिघंही भुईवर होते. बाबांचे पाय आता उघड उघड कापत होते, पण ते उठले नाहीत.

आणखी काही वेळ गेला. मागून झालं होतं. आता म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, सीमोनचे ओठ आपसूक हलले. प्रत्येक प्रार्थना ज्यानं संपते तो, ‘तसंच होवो’ म्हणणारा शब्द जुळायला लागला.

बाबांनी चिंचेनं माखलेला हात पुढे केला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. आंबट, चिकट, म्हातारा हात.

“आमेन म्हणू नकोस,” ते म्हणाले.